सरकी नसलेला कापूस

मी माझ्या बायकोचं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं, तेव्हा मी झोपेत होतो. चैत्रातली दुपार होती. जेवून मी ओसरीवर आडवा झालो होतो आणि ती माझ्या उशाशी बसून चरखीवर कापसातली सरकी काढत होती. मला जाग आली ती तिच्या किंकाळीनं. माझा डावा हात तिच्या मानेभोवती आवळलेला होता, उजव्या हातानं मी माझंच डावं मनगट धरलं होतं आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं होतं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला होता. पण तो स्वप्नातला आहे असं मला वाटलं होतं. कारण हाड मोडल्याचा आवाज मी माघापासून रोजच ऐकत होतो.

म्हणून आधी माघातलं सांगतो.

त्या वर्षांत अमेरिकेत लढाई चालली होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता. आम्हाला हे कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. आम्हाला दिसायचं ते एवढंच की अमरावतीच्या परकोटाबाहेर, शहराच्या तटाबाहेर, पहाटे लागलेली बैलबंड्यांची रांग दिवेलागणीपर्यंत हलत नसे, आणि ज्यांच्या स्वतःच्या पायात वहाण नव्हती त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. मी एका व्यापाऱ्याकडे कापूस तुडवायला होतो. लाकडी चौकटीत माणसापेक्षा उंच पोतं टांगायचं, आत एकानं उतरायचं आणि वरून टाकतील तो कापूस पायांनी दाबत दाबत वर यायचं. नाकातोंडात तूस जायचं. कच्च्या माणसाला तासाभरात भोवळ यायची. मी दिवसभर टिकायचो, कारण मी पैलवान होतो. माझ्या खुराकाचं दूध आणि बदाम त्या व्यापाऱ्याच्या घरून येत आणि मी त्याच्या नावानं आखाड्यात उतरत असे.

माघात त्यानं परकोटाबाहेरच्या मैदानात दंगल ठेवली. शेवटची कुस्ती माझी आणि अकोल्याच्या एका पैलवानाची. तो माझ्याहून वयानं लहान होता, अंगानं थोडा बारीक आणि पायांनी फार चपळ. त्याच्या बाजूनं त्याचा थोरला भाऊ आला होता. भावानं त्याच्या अंगाला तेल लावलं, पाठीवर थाप मारली आणि बाजूला जाऊन उकिडवा बसला. सलामी झाली, हलगी घुमू लागली. पहिल्या काही क्षणांतच त्या पोरानं पायांत शिरून माझा पट काढला आणि मला तोंडावर आपटलं. माझे पुढचे दोन दात ओठात घुसले. लोक हसले. माझा व्यापारी हसला नाही. मी रक्त थुंकत उठलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं दुसरं काही नव्हतं, फक्त ते हसणारे लोक होते.

मग त्याची मान माझ्या काखेत आली. मी दोन्ही हातांची गाठ मारली आणि वळलो. कडकन आवाज झाला. आखाड्याच्या कडेला बसलेल्यांनाही तो ऐकू गेला असणार, कारण हलगी एकदम थांबली. तो मातीत पडला तो उताणा नाही आणि पालथाही नाही, मध्येच वेडावाकडा. हातपाय हलत नव्हते, फक्त डोळे हलत होते. त्याच्या भावानं त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा डोकं मागं लोंबलं आणि भाऊ ओरडला. लोकांनी त्याला बंडीवर घातलं. बंडी मैदानाच्या बाहेर पडायच्या आत तो गेला.

फौजदार आला, चार माणसांना विचारून गेला. खेळात झालं, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही तेच सांगितलं. व्यापाऱ्यानं माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि हातात चांदीचं कडं घातलं. मी ते घालून घरी आलो.

त्या दिवसापासून झोप लागली की मी आखाड्यात उभा असायचो. तीच हलगी, तोच पोरगा, तीच मान. दरवेळी मी वळायचो आणि कडकन आवाज व्हायचा. मग मी झोपेत हातपाय झाडायचो, भिंतीवर गुद्दे मारायचो. एकदा पाण्याचा माठ फोडला. बायको लांब निजू लागली. त्या दुपारी मात्र ती जवळ बसली होती, कारण ओसरीवर सावली तेवढीच होती.

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं तिचा हात छातीशी बांधून टाकला आणि तो गेला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला वाटलं ही आता माहेरी, चांदूर बाजारला निघून जाईल. तिच्या भावांनी येऊन मला तुडवलं असतं तरी मी हात उचलला नसता. तिनं बांधलेला हात नीट करून घेतला. मग म्हणाली, "झोपीत काय दिसते तुमाले?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् तुमाले तिथी कयत नाई का, का हे सपन हाये म्हणून?"

"सपनात कसं कयन वं?"

"मले तं कयते," ती म्हणाली. "लहानपनापासून. मले वाटे सगळ्याईलेच कयत असन."

ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली, जणू कणीक मळता येते असं सांगत होती. मी विचारलं, तू तिथं काय करतेस? तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "फिरतो. नदीवर जातो. तुमी नसता तिथी, म्हून बरं वाटते."

 हाड मोडायच्या आधीही मी तिच्यावर हात उचलला होता. जागेपणी. ते इथं लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

तिनं मला शिकवलं ते दयेपोटी असं मला नाही वाटत. तिला त्याच घरात निजायचं होतं आणि जगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चरखीवर न पिळलेल्या, सरकीसकट कापसाचं एक बोंड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "हे दाबून पाहा." मी दाबलं. आत सरकी टणक लागली. "सपनातल्या कापसात सरकी नसते," ती म्हणाली. "म्या लहानपनी चरखीवर बसूबसू हे पायलं. दिवसभर हे कमरेले ठेवा. मनात येईन तवा दाबा अन् सोताले इचारा का मी जागा हाओ का झोपेल. पन खरं इचारा. नुस्तं तोंडानं नाई. माईत हाये म्हून इचारसान तं सपनातही तसंच कराल, अन् फसाल."

तेवढंच नव्हतं. जाग आली की अंग न हलवता पडून राहायचं आणि जे दिसलं ते तिला मोठ्यानं सांगायचं. पहाटे ती मला उठवायची, चूळ भरायला लावायची आणि थोडं बसवून पुन्हा निजायला सांगायची. त्या दुसऱ्या झोपेत स्वप्न दाट येतं, असं तिचं म्हणणं होतं. मी निजलो की ती दाराजवळ बसायची, एक हात छातीशी बांधलेला आणि दुसऱ्या हातात बैल हाकायची लांब काठी. मी हातपाय झाडायला लागलो की लांबूनच काठीचं टोक माझ्या बरगडीत खुपसायची. माझ्या दोन्ही कुशींवर काळेनिळे डाग पडले होते. कामावर पोरं विचारत, पैलवान, कोणाशी भांडलात? मी म्हणायचो, बायकोशी. ते हसायचे.

वैशाखात एका पहाटे ते घडलं. मी आखाड्यात उभा होतो. हलगीवाला जोरानं वाजवत होता, पण आवाज येत नव्हता. मातीत सगळीकडं कापूस सांडला होता. मी वाकून मूठभर उचलला आणि दाबला. हात नुसता मिटला, आत काही लागलं नाही. मी पुन्हा दाबला. मग माझ्या पाठीवर थंड पाणी ओतल्यासारखं झालं. हे खरं नाही. हा पोरगा, हे लोक, हे काहीच खरं नाही! मातीचा लाल रंग एकदम इतका लाल झाला की डोळे दिपले. मी आनंदानं ओरडलो, आणि त्या ओरडण्यानंच जागा झालो.

बायको म्हणाली, "हरखले ना? हरखलं का संपलं."

पुढचे कितीतरी दिवस असंच व्हायचं. कळायचं, आणि कळल्याबरोबर सगळं पातळ व्हायचं. माणसांचे चेहरे धुरासारखे विरायचे आणि मी ओसरीवर असायचो. टिकून कसं राहायचं हेही तिनंच सांगितलं. कळलं की एका जागी टक लावून पाहायचं नाही. आपले पाय पाहायचे, मग माती, मग पुन्हा पाय. रंग फिका पडू लागला की तळहात एकमेकांवर जोरानं घासायचे. तेवढ्यानं भागलं नाही तर खाली बसायचं, दोन्ही मुठी मातीत रोवायच्या आणि माती थंड आहे का गरम, खरखरीत आहे का मऊ, हे हातांना विचारायचं. "हात तिथी गुंतले का तुमी तिथीच राहता," ती म्हणाली.

पैलवानाला हे जमण्यासारखं होतं. आखाड्याची माती माझ्या हातांना ठाऊक होती. जेठ लागायच्या आत मी एकेका वेळी दोन जोर काढून होतील इतका वेळ आत राहू लागलो, मग चार, मग वीस.

आता मी जे सांगणार आहे ते मी तेव्हा बायकोलाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, एकदा ताबा आला की मी त्या पोराची मान सोडीन. मी सोडली नाही. पहिल्यांदा मी पूर्ण शुद्धीत आत उभा राहिलो, मुठी मातीतून काढल्या, त्याच्याकडं गेलो आणि त्याची मान मोडली. मला पाहायचं होतं की मीच करतोय का. मीच करत होतो. आणि मग मला त्याची चटक लागली. तिथं फौजदार नव्हता. मी त्याला मातीवर आपटायचो, छातीवर गुडघा द्यायचो, तोंडात माती कोंबायचो. मग आखाड्याची दोरी ओलांडून त्या हसणाऱ्या लोकांत शिरायचो. एकाचे दात, एकाचा डोळा. व्यापाऱ्याला त्याच्याच कापसाच्या पोत्यात घालून वरून तुडवायचो आणि पायाखाली त्याच्या बरगड्या वाजायच्या. रक्त यायचं ते गरम लागायचं. रंग फिका पडला की मी मारता मारता थांबून तळहात घासायचो, मातीत मुठी रोवायचो आणि पुन्हा उठायचो.

जागा झालो की अंग हलकं असायचं. हातपाय झाडणं थांबलं होतं. बायकोनं काठी बाजूला ठेवली, पण ती माझ्या तोंडाकडं पाहत राहायची.

"हासत काहून उठता तुमी?" तिनं एकदा विचारलं.

"सोडलं म्या त्याले," मी म्हणालो.

जेठाच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, व्यापाऱ्यांची घाई चालली होती. मी पहाटेपासून पोत्यात होतो. दुपारी बाहेर आलो तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. अंगणात बंड्या अडकल्या होत्या आणि एका गाडीवानाचं जू माझ्या खांद्यावर आदळलं. "बाजूले हो बे, रेड्या," तो म्हणाला आणि हसला. त्याच्या मागचे दोघं हसले. मी कमरेला हात घातला. बोंड नव्हतं, पोत्यात कुठंतरी पडलं होतं. पायाशी कापूस सांडलेला होता. मी वाकून मूठभर उचलला आणि दाबला. सरकी नव्हती.

तो चरखीवरून आलेला, पिळलेला कापूस होता. त्या अंगणातल्या कुठल्याच कापसात सरकी नव्हती. हे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि मलाही होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट आली, की मी आत आहे आणि इथं काहीही केलं तरी चालतं.

मी त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. तो बंडीच्या चाकावर जाऊन आदळला. मी त्याला केसांनी धरून उठवलं आणि पुन्हा मारला. जबडा एका बाजूला सरकला. दात माझ्या मुठीत रुतले. तिसऱ्या ठोशाला त्यानं हात वर केले नाहीत. मी थांबून तळहात घासले, कारण मला वाटलं रंग फिका पडतोय. तेव्हा मला दिसलं की माझ्या बोटांच्या सांध्यांतून माझंच रक्त येत होतं आणि सांधे ठणकत होते. स्वप्नात माझे हात कधी ठणकले नव्हते.

सहा जणांनी मला बैलांच्या दाव्यानं बांधलं. कचेरीपुढच्या तिकटीला बांधून मला फटके मारले गेले. किती ते मोजायला मी शुद्धीवर नव्हतो. गाडीवान जगला. पण त्याला नंतर भाकर चावता आली नाही आणि तो बोलायचा ते कोणाला समजत नसे. व्यापाऱ्यानं मला कामावरून काढलं.

पाठीवर हळद लावताना बायकोनं विचारलं, "खरं सांगा. सपनात तुमी त्याले मारूनच राहिले ना?"

मी हो म्हणालो.

तिनं हात पुसले. "मंग आयका. आजपासून तिथी कोनावरही हात उचलाचा नाई. कयलं का हे सपन हाये, का हात मांगं बांधाचे. उभं राहाचं अन् पाहाचं. जे व्हते ते व्हऊ द्याचं. अन् जागेपनी कापूस नाई चालन आता. उड्या मारून पाहा. सपनात मानूस हयूहयू खाली येते. पुन्हा कोनाले मारलं, इथी का तिथी, तं मी चालली. हाड जुळलं हाये माहं आता."

हे शिकायला पावसाळा गेला. मारणं सोपं होतं. हात मागं धरून उभं राहिलं की सगळा राग अंगात फिरायचा आणि मला जागं करून टाकायचा. पोरगा माझा पट काढायचा, मी तोंडावर पडायचो, लोक हसायचे, आणि माझे हात आपोआप पुढं यायचे. मी ते पुन्हा मागं घ्यायचो. मग एक दिवस मला जमलं ते असं, की मी त्या कुस्तीतून बाजूला झालो. तळहात घासले, पायांकडं पाहिलं आणि मान वर केली तेव्हा आखाड्यात दोघंजण लढत होते, एक तो आणि एक मी. मी कडेला उभा होतो. मला त्या दुसऱ्याच्या तोंडावरचं रक्त दिसत होतं. त्यानं मान काखेत धरली. आणि मला आवाज ऐकू आला.

"सोड. सोड गा, हारलो मी."

पोराचा हात मातीवर आपटत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मान धरून असलेल्या त्या दुसऱ्याचा, म्हणजे माझाच, कान त्या तोंडापासून वीतभर लांब होता. तो वळला.

मी जागा झालो आणि दारात जाऊन बसलो. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिला विचारलं, "सपनात आयकलं ते खरं असते का?"

"सपन नवं काई कुठून आनन?" ती म्हणाली. "तुमाले माईत असन तेच तिथी असते."

तरी मला आशा होती की ते खरं नसेल. आमच्या दंगलीत हलगी वाजवणारा माणूस परकोटाच्या खालच्या अंगाला राहायचा. मी त्याच्याकडं गेलो. तो अंगणात चामडं ताणत होता. मला पाहून उठून उभा राहिला. मी विचारलं, त्या दिवशी अकोल्याचा पैलवान काही बोलला होता का?

तो इकडंतिकडं पाहू लागला. मग म्हणाला, "पैलवान, आता कायले ते?"

"सांग."

"सोड म्हने. दोनदा तं म्या आयकलं. हातही आपटला त्यानं."

"मंग हलगी थांबवली काहून नाई?"

"थांबवून राहिलो होतो. तुमच्या शेठनं हात असा केला." त्यानं हात हवेत वरखाली हलवला. "वाजव म्हून. म्या आनखी जोरात वाजवली." चामडं त्याच्या हातातून सुटलं. "मले वाटलं तुमाले आयकू नाई आलं हलगीपायी."

"आलं होतं," मी म्हणालो.

हे मी पहिल्यांदा जागेपणी मोठ्यानं बोललो.

दिवाळीनंतर मी आणि बायको अकोल्याला निघालो. बडनेऱ्यावरून, मूर्तिजापुरावरून, कधी पायी, कधी कोणाच्या बंडीच्या मागं बसून. आगगाडीसाठी भराव घालायचं काम कुठंकुठं चाललं होतं. मी तिला म्हणालो होतो, तू घरी राहा. ती म्हणाली, "तुमी तिथी जाऊन कोनाले मारलं तं मले कोन सांगन?" चांदीचं कडं मी फडक्यात बांधून घेतलं होतं.

त्या पोराच्या भावाचं शेत मोर्णा नदीच्या काठी होतं. तो मोट हाकत होता. बैल उतारावरून खाली चालले होते, चामड्याची मोट भरून वर येत होती आणि पाणी पाटातून मिरचीच्या वाफ्यात जात होतं. त्यानं मला लांबूनच ओळखलं. त्यानं बैल थांबवले, उताराच्या मध्येच, नाडा ताणलेला.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. फडकं सोडून कडं जमिनीवर ठेवलं. म्हणालो, "तुया भावानं सोड म्हटलं होतं. हार मानली होती. मले आयकू आलं होतं. म्या सोडलं नाई."

तो माझ्याकडं पाहत राहिला. "आयकू आलं होतं?"

"हो."

"साफ?"

"साफ."

त्यानं हातातली तुतारी, बैलांना टोचायची काठी, माझ्या तोंडावर मारली. तिच्या टोकाची लोखंडी आर गालात घुसून दातांना लागली. मी हात मागं बांधले. ते मला आता येत होतं. तुतारी मोडली तेव्हा त्यानं मोटेजवळचा सागाचा दांडा उचलला. पहिला घाव मांडीवर, दुसरा बरगड्यांवर. मी खाली पडलो. मी माती पाहिली, माझे पाय पाहिले. दुखत होतं, इतकं की ही कुठली जागा आहे याबद्दल शंकाच नव्हती. त्यानं माझा उजवा हात ओढून विहिरीच्या कठड्याच्या दगडावर ठेवला आणि कोपरावर दांडा घातला. एकदा हाड तडकलं. दुसऱ्यांदा घातला तेव्हा हात उलट्या बाजूला वळला. मग तो मला दंडाला धरून विहिरीकडं ओढू लागला. माझं डोकं कठड्याच्या बाहेर गेलं. खाली पाणी काळं होतं.

बायको इतका वेळ बांधावर उभी होती. ती आली आणि त्याच्या हाताला धरून म्हणाली, "आता बस कर, भाऊ."

"तू बाजूले हो."

"नाई होत. ह्यानं मलेही मारलं हाये, झोपीत अन् जागेपनी. मीही म्हनलं असतं टाक म्हून. पन आता बस."

तो धापा टाकत उभा होता. त्याच्या तोंडावर माझं रक्त उडालेलं होतं. त्यानं मला सोडलं. मागं बैल तसेच उतारावर नाडा ताणून उभे होते, त्यांचे पाय थरथरत होते आणि भरलेली मोट वर लटकत होती. तो त्यांच्याकडं गेला. दोघांच्या पाठीवर हात फिरवला, त्यांना मागं घेतलं, मोट ओतली. मग पाटात हात धुतले. कडं त्यानं पायानं विहिरीत लोटलं. मला त्याच्याच बंडीवर घालून त्यानं गावातल्या वैदूकडं नेलं. परत जाताना त्यानं बायकोला विचारलं, "खाल्लं का तुमी काई?" ती नाही म्हणाली. त्यानं दोन भाकरी आणि ठेचा पाठवून दिला.

हात वाकडाच जुळला. खांद्याच्या वर जात नाही. कुस्ती संपली. आम्ही अमरावतीला परत आलो. मी बंड्यांच्या चाकांना तेल देण्याचं, बैल पाण्यावर नेण्याचं काम धरलं. तो जबडा मोडलेला गाडीवान कधीकधी दिसायचा. मी त्याचे बैल आधी पाण्यावर न्यायचो. तो माझ्याकडं पाहत नसे, आणि ते योग्यच होतं. पुढं ती अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा जोर एकदम बसला, मग आगगाडी आली. माझ्या जुन्या व्यापाऱ्यानं शहर सोडलं. बायकोवर मी पुन्हा हात उचलला नाही.

स्वप्न थांबलं नाही. ते अजूनही येतं. फक्त आता मला आत गेलं की कळतं आणि मी राहू शकतो. कुस्ती सुरू होते, मान काखेत येते, तो सोड म्हणतो आणि मी सोडतो. पहिल्या वेळी तर मी सोडली आणि तो तसाच पडून राहिला. नंतर तो उठून बसू लागला. माती थुंकायचा आणि माझ्याकडं न पाहता दोरीपलीकडं बघायचा. काही वर्षांनी तो एक शब्द बोलू लागला. पाणी.

पाणी आणणं सोपं नव्हतं. आखाड्याबाहेर पाऊल टाकलं की सगळं पातळ व्हायचं. मी मुठीत माती घेऊन निघायचो, चालता चालता ती चोळायचो आणि पायांकडं बघायचो. कधी लोकांच्या गर्दीतच जाग यायची. कधी रांजणापर्यंत जायचो, पण तो कोरडा असायचा. एकदा लोटा भरला आणि परत वळलो तर मैदानच नव्हतं. अशी दोन वर्षं गेली असतील.

मग एका दुपारी मी भरलेला लोटा घेऊन दोरीपर्यंत आलो. डाव्या हातात लोटा, उजव्या हातात माती. स्वप्नातही माझा उजवा हात वाकडाच होता. तो बसलेला होता. मी लोटा त्याच्यापुढं धरला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा प्यायला. त्याचा गळा वरखाली होताना मी पाहिला. त्यानं लोटा परत दिला नाही, बाजूला मातीत ठेवला आणि तोंड पुसलं. मी जागा झालो.

बायको अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिला सांगितलं, तो पाणी प्याला.

"सगळं पिला का?" तिनं विचारलं.

"सगळं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि कोंबड्यांना हाकलून तिनं सूप पुन्हा उचललं.